बुटक्यांच्या यादीतला उपरा

21 एप्रिल 1971. आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकच्या बंदरात डेन्मार्कच्या आरमाराचं जहाज लागलं, तेव्हा धक्क्यावर हजारो माणसं उभी होती. शाळांना सुट्टी होती, दुकानं बंद होती. जहाजातून उतरल्या दोन जुन्या पोथ्या. त्यातली एक दिसायला अगदीच बेताची: वासराच्या कातड्याची 45 पानं, काळपट पडलेली, मधली आठ पानं केव्हाच गहाळ झालेली. साधारण 1270 च्या सुमारास कुणा अनाम लेखनिकानं ती लिहिली. 1643 मध्ये ती ब्रिन्योल्फुर स्वेन्सन या बिशपच्या हाती लागली. 1662 मध्ये त्यानं ती डेन्मार्कचा राजा तिसरा फ्रेडरिक याला पाठवली आणि तेव्हापासून तिचं नाव पडलं ‘कोडेक्स रेगियस’, म्हणजे राजाची पोथी. तीनशे वर्षं कोपनहेगनच्या ग्रंथालयात राहून ती आता माहेरी येत होती.

या पोथीतली पहिलीच कविता ‘वोलुस्पा’. एक द्रष्टी बाई ओडिन या देवांच्या राजाला विश्वाची उत्पत्ती आणि शेवट सांगते आहे. समुद्र, वाळू, आकाश काहीच नव्हतं तिथपासून कथा जोमात निघते आणि अचानक थबकते. पुढे येते नुसती यादी. जमिनीच्या पोटात राहणाऱ्या बुटक्यांची साठेक नावं, एकापाठोपाठ एक. पुराणातल्या वंशावळीसारखी. ही यादी मूळ कवितेत नव्हती, कुणीतरी मागाहून घुसडली, असं अनेक अभ्यासक मानतात. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शतकानुशतकं हे श्लोक ओलांडून पुढचं पान उलटलं असेल.

ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकानं ते ओलांडले नाहीत.

जॉन रोनाल्ड रूएल टॉल्कीन यांचा पेशा अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुनी इंग्रजी शिकवण्याचा. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर त्यांची पहिली नोकरी ऑक्सफर्डच्या महाकोशात, आणि तिथं त्यांच्या वाट्याला ‘डब्ल्यू’ अक्षराचे शब्द आले होते. अक्रोड, गांधीलमाशी, वॉलरस अशा शब्दांचे पूर्वज शोधत त्यांनी महिने काढले. 1926 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डात काही प्राध्यापकांचं एक मंडळ जमवलं. आइसलंडच्या जुन्या कथा आणि कविता मुळातून वाचायच्या, एवढंच त्याचं काम. मंडळाचं नाव ‘कोलबिटार’, निखारे चावणारे, म्हणजे थंडीत शेकोटीला इतके चिकटून बसणारे की निखारा जणू तोंडात जावा. पुढे ‘नार्निया’ लिहिणारे सी. एस. लुईस याच शेकोटीपाशी बसत.

1930 च्या आसपास टॉल्कीन आपल्या मुलांसाठी एक गोष्ट रचू लागले. तीत बुटके हवे होते, आणि बुटक्यांना नावं हवी होती. त्यांनी ‘वोलुस्पा’तली यादी उचलली. ड्वालिन, बिफुर, बॉम्बुर, नोरी, डोरी, ओरी, फिली, किली, ग्लोइन, थोरिन. ‘बॉम्बुर’ म्हणजे फुगलेला, ढेरपोट्या. गोष्टीतला बॉम्बुर तसाच निघाला. ‘एइकिनस्क्याल्दी’ म्हणजे ओकच्या लाकडाची ढाल असलेला. यादीत हा एक स्वतंत्र बुटका आहे. टॉल्कीननी त्याचं नाव थोरिनच्या आडनावासारखं लावलं, आणि मग थोरिनला ते का मिळालं याचा प्रसंग त्यांना रचावा लागला. तेरा बुटक्यांपैकी एकटा बालिन तेवढा या यादीतला नाही. ते नाव राजा आर्थरच्या कथांमधल्या एका शूर, अभागी सरदाराचं आहे.

आणि यादीत मधेच एक नाव होतं: गान्डाल्फर.

इथं थांबायला हवं. ‘गान्डर’ म्हणजे जादूची काठी आणि ‘आल्फर’ म्हणजे एल्फ. एल्फ हे उंच, देखणे, दिव्य लोक. बुटक्यांच्या यादीत त्यांच्यातला एक काय करतो आहे? लीड्समध्ये टॉल्कीन ज्या पदावर होते त्याच पदावर पुढे काम केलेले अभ्यासक टॉम शिपी म्हणतात की टॉल्कीनच्या मनात कथा पेटली ती अशाच प्रश्नांतून. जुन्या लेखनिकानं चूक केली म्हणून सोडून देणं सोपं होतं. टॉल्कीननी मानलं, लेखनिकाला काहीतरी ठाऊक असणार. बुटक्यांच्या टोळीबरोबर कधीतरी हातात काठी असलेला, त्यांच्यातला नसलेला कुणीतरी फिरला असणार आणि त्याची आठवण या यादीत अडकून राहिली असणार. तो उपरा कोण?

उत्तर त्यांना लगेच सापडलं नाही, ही यातली सर्वांत सुंदर गोष्ट. या गोष्टीचे, म्हणजे ‘हॉबिट’चे, सुरुवातीचे खर्डे आज छापून उपलब्ध आहेत. त्यात जादूगाराचं नाव ब्लाडॉर्थिन आहे आणि गँडाल्फ हे नाव चक्क बुटक्यांच्या म्होरक्याला दिलेलं आहे. ड्रॅगनचं नाव प्रिफ्टान, म्हणजे वेल्श भाषेत अग्नीचा किडा. लिहिता लिहिता कधीतरी नावं आपापल्या धन्याकडे निघून गेली. म्होरक्या झाला थोरिन, काठीवाला म्हातारा झाला गँडाल्फ. ड्रॅगन झाला स्मॉग, एका जुन्या जर्मानिक क्रियापदाचं भूतकाळी रूप: भोकातून अंग चोरत शिरला, या अर्थाचं. 21 सप्टेंबर 1937 रोजी ‘हॉबिट’ प्रसिद्ध झाली तेव्हा काठी, टोपी आणि दाढी घेऊन दारात उभा राहिलेला तो म्हातारा साडेसहाशे वर्षांपेक्षा जुन्या पोथीतून चालत आलेला होता.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांतल्या नावांबद्दल लिहिताना बहुतेकदा दोन खाने पडतात: या लेखकानं हे नाव अमुक पुराणातून घेतलं, त्यानं तमुक दैवताचं घेतलं. जणू नावं फडताळात रचून ठेवलेली होती आणि लेखकानं हवं ते काढून पात्राला डकवलं. टॉल्कीनचं उदाहरण याहून खोल जातं. आपण नावापासून सुरुवात करतो आणि नाव गोष्ट घेऊन येतं, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आधी बारसं, मग जन्म.

याचा पुरावा ‘हॉबिट’च्याही आधीचा आहे. सप्टेंबर 1914. महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. बावीस वर्षांचे टॉल्कीन नॉटिंगहॅमशरमधल्या आपल्या मावशीच्या शेतघरी होते. त्याआधी एका जुन्या इंग्रजी धार्मिक कवितेत त्यांना एक शब्द भेटला होता: एआरेन्डेल. पहाटेचा तारा, प्रकाश, देवदूत असे त्याचे अर्थ लावले जात. कवितेत तो ख्रिस्ताच्या आगमनाच्या संदर्भात येतो. शब्द इतका देखणा की टॉल्कीनना झोपेतून हलवून उठवल्यासारखं झालं. शेतघरी त्यांनी एआरेन्डेलवर कविता लिहिली: संध्याकाळच्या आकाशात नाव घेऊन निघालेला एक दर्यावर्दी. तेव्हा त्यांच्या कथांमधली मध्यभूमी नव्हती, मुद्रिका नव्हती, एल्फांच्या भाषा जेमतेम सुचू लागल्या होत्या. त्या एका नावाभोवती पुढची साठ वर्षं एक अख्खं विश्व साकारत गेलं.

हे नाव पुन्हा एकटं नाही. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन या तेराव्या शतकातल्या लेखकानं औरवान्दिलची कथा सांगितली आहे. थोर हा वज्रधारी देव औरवान्दिलला टोपलीत घालून गोठलेल्या नद्यांपलीकडून आणतो. टोपलीबाहेर राहिलेलं त्याच्या पायाचं एक बोट गारठून जातं. थोर ते मोडतो आणि आकाशात भिरकावतो. त्याचा तारा होतो. डेन्मार्कच्या साक्सो या इतिहासकाराकडे तेच नाव होरवेन्दिल होऊन येतं. हा होरवेन्दिल भावाकडून मारला जातो आणि त्याचा मुलगा वेडाचं सोंग घेऊन सूड उगवतो. मुलाचं नाव आम्लेथ. शेक्सपिअरनं त्याचा हॅम्लेट केला. म्हणजे हॅम्लेटच्या बापाच्या भुतामागे आणि टॉल्कीनच्या आकाशातल्या नावाड्यामागे एकच जुनं नाव उभं आहे. 30 मार्च 2022 रोजी हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तोवरच्या सर्वांत दूरच्या एकट्या ताऱ्याचा शोध जाहीर झाला. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला 12.9 अब्ज वर्षं लागली. खगोलशास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं एआरेन्डेल.

टॉल्कीनच्याच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक फ्रोडो. सुरुवातीच्या खर्ड्यांत त्याचं नाव होतं बिंगो. बिंगो बॅगिन्स! या नावाचा मनुष्य जगाचं ओझं गळ्यात अडकवून ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत जाईल यावर विश्वास बसणं कठीण होतं. मग आलं फ्रोडो. ‘फ्रोडर’ म्हणजे शहाणा, जाणता. पण याच नावाचा फ्रोडी हा डेन्मार्कचा एक पुराणकालीन राजा होता. त्याच्या राज्यात इतकी शांतता नांदत होती की भावाचा खुनी समोर आला तरी कुणी शस्त्र उचलत नसे. स्नोरी सांगतो की त्याच्या काळात उघड्या माळावर सोन्याची अंगठी कितीतरी दिवस पडून होती आणि कुणी तिला हात लावला नाही. अंगठी, तिचा मोह टाळणारी माणसं आणि शस्त्राचा कंटाळा आलेला नायक, सगळं त्या एका नावात आधीच होतं.

त्याचा सोबती सॅम. पूर्ण नाव सॅमवाइज, जुन्या इंग्रजीत ‘साम-वीस’: अर्धा शहाणा. मराठी वाचकाला इथं घरचं माणूस भेटतं, कारण हा ‘साम’ आणि संस्कृतातला ‘सामि’ एकाच मुळाचे; सामि म्हणजेही अर्धा. लॅटिनमधला ‘सेमी’ त्यांचाच भाऊ. मराठीत अर्धवट म्हणावं तसं हे नाव, आणि कथेच्या शेवटी सर्वांत पुरा ठरतो तो हाच. त्याच कादंबरीतल्या रोहान राज्याच्या राजाचं नाव थेओडेन. जुन्या इंग्रजीत ‘थेओडेन’चा अर्थच राजा, स्वामी. त्याच्या बापाचं नाव थेंगेल; त्याचाही अर्थ तोच. आपल्याकडे नरेशचा मुलगा भूपाल असावा तसं हे घराणं.

टॉल्कीननी पुढे पुढे या उसन्या नावांचाही हिशेब चुकता केला. त्यांच्या मध्यभूमीत आइसलंड नाही, मग बुटक्यांची नावं आइसलंडची कशी? त्यांनी परिशिष्टात स्पष्ट केलं: ही बुटक्यांची बाहेरची नावं, शेजारच्या माणसांच्या भाषेतली. त्यांची खरी नावं त्यांनी कुणा परक्याला कधीच सांगितली नाहीत. थडग्यावरसुद्धा कोरली नाहीत.

खरं नाव लपवायचं, ही कल्पना महाराष्ट्रातल्या कुठल्याही आजीला समजावून सांगावी लागणार नाही. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते, पण नक्षत्रावरून आलेलं जन्मनाव कित्येक घरांत पत्रिकेतच राहतं. हाक मारायचं नाव वेगळं. रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणत नाहीत. म्हणतात लांबडं, किंवा नुसतं जनावर. तो चावला तर ‘पान लागलं’. अंगावर फोड उठवणाऱ्या रोगाला ‘देवी आल्या’. बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. आणि नवऱ्याचं नाव एरवी ओठांवर न आणणारी बाई सणासमारंभाला उखाण्यात गुंफून ते घेते, तेव्हा त्याला म्हणतातच ‘नाव घेणं’. नाव घेतलं की ज्याचं नाव आहे तो हजर होतो, ही भीती किंवा ओढ या सगळ्यामागे आहे.

युरोपात या भीतीनं एका प्राण्याचं नाव खरोखरच पुसून टाकलं. अस्वलाचा मूळ इंडो-युरोपीय शब्द संस्कृतात ‘ऋक्ष’ म्हणून शिल्लक आहे. जांबवानाला ऋक्षराज म्हणतात तो हाच. जुन्या मराठीतली ‘रीस’ आणि हिंदीतला ‘रीछ’ त्याचेच वंशज. ग्रीकमध्ये ‘आर्कटॉस’, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’. पण उत्तरेकडच्या जंगलांत, जिथं अस्वल खरोखर दारात येऊन उभं राहायचं, तिथं हा शब्द उरलाच नाही. तो उच्चारणं अशुभ मानलं जाई, असं भाषातज्ज्ञ सांगतात. जर्मानिक लोक त्याला नुसतं ‘तपकिऱ्या’ म्हणू लागले. इंग्रजीतला ‘बेअर’ बहुधा तिथून आला. स्लाव लोक म्हणू लागले ‘मेद्वेद’: मध खाणारा. त्यातला ‘मेद’ आपला मधु आहे आणि ‘एद’ आपला ‘अद्’, खाणे.

‘हॉबिट’मध्ये बेऑर्न नावाचा एक दांडगा माणूस आहे. रात्री तो अस्वल होतो, दिवसा मधमाश्या पाळतो, पाहुण्यांना मध खायला घालतो. जुन्या इंग्रजीत ‘बेऑर्न’ म्हणजे वीरपुरुष आणि नॉर्समधला त्याचा जोडीदार ‘ब्योर्न’ म्हणजे अस्वल. पण खर्ड्यात टॉल्कीननी त्याचं नाव ठेवलं होतं मेद्वेद. म्हणजे ज्या प्राण्याचं नाव घ्यायचं नाही त्याचं टोपणनाव आधी आलं, आणि मधमाश्या त्या टोपणनावातून उडत आल्या.

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’मधला खलनायक तर नाव न घेण्यावरच उभा आहे. जादूच्या जगात त्याला ‘ज्याचं नाव घ्यायचं नाही तो’ म्हणतात. सातव्या पुस्तकात हे शब्दशः खरं होतं: व्होल्डेमॉर्ट म्हटलं की त्याच्या माणसांना पत्ता लागतो. त्याचं मूळ नाव टॉम मार्व्होलो रिडल. त्याच अक्षरांची उलटापालट करून ‘मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट’ हे वाक्य तयार होतं. जगभरच्या अनुवादकांना यानं घाम फोडला. फ्रेंचमध्ये त्या मुलाचं मधलं नाव एल्विस झालं, डॅनिशमध्ये त्याला रोमिओ व्हावं लागलं, तेव्हा कुठे अक्षरं जुळली.

उर्सुला ले ग्विन यांनी 1964 मध्ये ‘नावांचा नियम’ या अर्थाच्या शीर्षकाची एक कथा लिहिली आणि चार वर्षांनी ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी. त्यांच्या बेटांवर प्रत्येकाला दोन नावं. वापरायचं नाव सगळ्यांना ठाऊक. खरं नाव तेराव्या वर्षी, वाहत्या पाण्यात उभं करून गुरू देतो. ते फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं, कारण ज्याला खरं नाव कळलं त्याच्या मुठीत आपला प्राण. नायकाचं हाक मारायचं नाव ससाण्याचं, खरं नाव गेड. ही दोन अक्षरं कुठल्याही पुराणातली नाहीत. ले ग्विननी कुणा देवाचं नाव न घेता त्या सगळ्या कथांच्या मुळाशी असलेली श्रद्धाच उचलली, तीच श्रद्धा जिच्यासाठी इजिप्तच्या कथेत आयसिस देवी सूर्यदेव रा याला सर्पदंश घडवते आणि उतारा देण्याआधी त्याचं गुप्त नाव मागते. या लेखात ज्या नावांचा उलगडा केला आहे, त्या सगळ्यांत गेड हे नाव सर्वांत धाडसी वाटतं. त्याला मागे टेकायला काहीच नाही.

रोलिंग यांची रीत याच्या अगदी उलट. त्यांनी नावांत उत्तरं पेरून ठेवली. रीमस लुपिन नावाचा शिक्षक येतो. रीमस म्हणजे लांडगीनं पाजलेल्या रोमच्या जुळ्यांपैकी एक, आणि ‘लुपिनुस’ म्हणजे लांडग्याचा. मुलांना कळायच्या आत लॅटिन येणाऱ्या वाचकाला कळतं की हा पौर्णिमेला लांडगा होणार. शाळेचा पहारेकरी आर्गस, शंभर डोळ्यांच्या ग्रीक राक्षसाच्या नावाचा. शिस्तीची शिक्षिका मिनर्व्हा, रोमनांची बुद्धीची देवता. हर्मायनी हे नाव शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधल्या राणीचं, आणि तिच्याही मागे ट्रॉयच्या हेलनची मुलगी. डम्बलडोर? इंग्लंडच्या खेड्यांत भुंग्याला म्हणायचा जुना शब्द. हेडमास्तर स्वतःशीच गुणगुणत फिरत असतील, असं रोलिंगना वाटलं म्हणून.

‘हॅरी पॉटर’मधलं ब्लॅक घराणं बहुतेक सगळं आकाशातलं. सिरियस, रेग्युलस, अँड्रोमेडा, बेलाट्रिक्स. सिरियस हा पाश्चात्त्यांचा श्वानतारा, आणि सिरियस ब्लॅक काळ्या कुत्र्याचं रूप घेतो. इथं मराठी वाचकाची मजेदार पंचाईत होते. आपल्या आकाशात तोच तारा ‘व्याध’ आहे: मृगामागे लागलेला शिकारी. ज्याला तारा ओळखता येतो त्यालाच इथं चकवा बसतो. तरी श्वान आपल्याकडे अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांनी 1893 मध्ये ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला, त्यात ऋग्वेदातल्या ऋभूंना जागं करणाऱ्या श्वानाचा संबंध त्यांनी याच ताऱ्याशी जोडला होता.

अँड्रोमेडाचं तर आपण पूर्ण घराणंच दत्तक घेतलं आहे. ग्रीक कथेत राणी कॅसिओपिया, राजा सीफियस, त्यांची मुलगी अँड्रोमेडा आणि तिला सोडवणारा पर्सियस अशी शेजारी शेजारी नक्षत्रं आहेत. मराठी आकाशदर्शनाच्या पुस्तकांत त्यांची नावं शर्मिष्ठा, वृषपर्वा, देवयानी आणि ययाती. कुणीतरी एका कुटुंबाच्या जागी दुसरं कुटुंब बसवलं, नाती थोडी इकडेतिकडे केली, पण भांडणारं, मत्सर करणारं राजघराणं ते राजघराणंच ठेवलं. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’वर वाढलेल्या मुलीला ब्लॅक घराण्यातली बंडखोर अँड्रोमेडा देवयानी म्हणून दिसली, तर त्यात खोटं काय?

‘हॅरी पॉटर’मधल्या याच शाळेत पद्मा आणि पार्वती या जुळ्या बहिणी आहेत. आडनाव पाटील. पट्टकीलापासून आलेलं, गावच्या वतनाचं आडनाव 1997 मध्ये इंग्लंडच्या एका जादूच्या शाळेच्या हजेरीपटावर लागलं. पद्मा हे लक्ष्मीचं नाव, पार्वती सिंहावर बसणाऱ्या दुर्गेचं मूळ रूप. आणि पार्वती पाटील ज्या गटात जाते त्याचं चिन्ह सिंह. हे ठरवून झालं की योगायोगानं, यावर रोलिंगच्या नावानं काही ठोकून देणं बरं नाही. पण हे पान वाचताना सांगली-कोल्हापूरकडचं मूल क्षणभर थांबलं असणार, एवढं नक्की.

इथंच एक सावधगिरी. नावांचा खेळ एकदा आवडू लागला की सगळीकडे नाती दिसू लागतात. गँडाल्फ म्हटलं की गंधर्व आठवतो. दोन्ही दिव्य, दोन्ही गूढ. पण त्यांचा काही संबंध नाही. यमाच्या दोन कुत्र्यांपैकी ‘शबल’ आणि ग्रीकांचा पाताळाचा कुत्रा ‘सर्बेरस’ एकच, असं एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी उत्साहानं मांडलं होतं; आज भाषातज्ज्ञ त्याबद्दल साशंक आहेत. टॉल्कीनना स्वतःला याचा फार त्रास झाला. त्यांच्या खलनायकाचं सॉरॉन हे नाव ग्रीक ‘सॉरस’ म्हणजे सरड्यावरून आलं का, असं लोक विचारत. ते त्यांच्या एल्फांच्या भाषेतल्या घृणास्पद या अर्थाच्या शब्दावरून आलं होतं. मोरिया या खाणीचा बायबलमधल्या मोरिया डोंगराशी संबंध नाही, हेही त्यांना लिहून कळवावं लागलं. नाव ऐकून जे आठवतं ते वाचकाचं असतं. त्याची मजा घ्यावी, पण ते लेखकाच्या खात्यावर मांडू नये.

नील गेमन यांनी मात्र वाचकाला उघड आव्हान दिलं. 2001 च्या ‘अमेरिकन गॉड्स’मध्ये एक थापाड्या म्हातारा भेटतो, मिस्टर वेन्सडे. नावातच ओळख आहे: वेन्सडे म्हणजे वोडनचा वार, आणि वोडन म्हणजे ओडिन. रोमनांनी हा वार मर्क्युरीला दिला होता; उत्तरेच्या लोकांनी मर्क्युरीच्या जागी वोडनला बसवलं. ग्रहांच्या वारांचा तोच क्रम भारतात आला तेव्हा मर्क्युरीच्या जागी बुध आला. म्हणजे गेमनच्या म्हाताऱ्याला मराठीत बुधवारराव म्हटलं तरी वार चुकत नाही. कादंबरीत तुरुंगातला एक कैदी आहे, लो की लायस्मिथ. इंग्रजी लिपीत त्यातली खोडी काही पानं लपून राहते. देवनागरीत लिहिल्याक्षणी ती फुटते: लोकी, थापा मारण्यात पटाईत असलेला नॉर्स देव, समोर उभाच राहतो.

अनुवादकापुढची अडचण हीच. नावाचा आवाज ठेवावा की अर्थ? स्वीडिश आणि डच अनुवादकांनी केलेल्या स्वैर बदलांनी वैतागून टॉल्कीननी 1966-67 च्या सुमारास अनुवादकांसाठी नावांची एक मार्गदर्शिकाच लिहिली: कुठलं नाव भाषांतरित करायचं, कुठल्याला हात लावायचा नाही, एकेक करून. मराठीत ‘हॉबिट’ मीना किणीकर यांनी आणला, आणि मुग्धा कर्णिक यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं मराठी रूप दिलं, त्याचं नाव ‘स्वामी मुद्रिकांचा’. हा मुद्रिका शब्द फार विचारानं निवडलेला वाटतो. अंगठी हा शब्द बोटात घालायच्या दागिन्यापाशी थांबतो. मुद्रिका म्हटलं की अशोकवनात सीतेच्या ओंजळीत पडलेली रामाची मुद्रिका आठवते, दुष्यंताची हरवलेली आठवते. सत्ता, ओळख, विस्मरण सगळं त्या तीन अक्षरांबरोबर येतं. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या भागाच्या मराठी शीर्षकात किमयागारांचा दगड ‘परीस’ झाला, तेही तसंच. लोककथांपासून संतांच्या अभंगांपर्यंत लोखंडाचं सोनं करत आलेला परीस मराठी मुलाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

आपल्याकडच्या अद्भुत कादंबरीची सुरुवातही नावानंच झाली होती. 1861 मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, 1868 मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. मंजुघोषा हे पापमोचनी एकादशीच्या कथेतल्या अप्सरेचं नाव: चैत्ररथ वनात मेधावी ऋषीचं तप मोडणारी, मग शाप मिळून पिशाच झालेली आणि एकादशीच्या व्रतानं सुटलेली. त्या काळच्या वाचकाला ही कथा उपासाच्या दिवशी ऐकून पाठ होती. मुखपृष्ठावर हे नाव वाचताना त्याच्या मनात मोह, शाप आणि सुटका ही तिन्ही पावलं आधीच वाजली असणार. मराठी समीक्षेनं पुढे या कादंबऱ्यांना स्वप्नाळू आणि असंभव म्हणून बाजूला सारलं. त्यांतल्या नावांकडे पुन्हा एकदा निवांत पाहायला हवं.

कोडेक्स रेगियस आज रेक्याविकला आहे. बुटक्यांच्या यादीतल्या कितीतरी नावांना अजून कुणी हात लावलेला नाही. त्यात एक आहे म्योद्वित्निर, ज्याच्या नावात आपला मधु लपला आहे आणि त्याला जोडून एक लांडगा. आणि गान्डाल्फरच्या अगदी शेजारी, पुढचंच नाव, विन्डाल्फर. ‘विन्डर’ म्हणजे वारा. तोही एल्फ, तोही त्याच यादीत, आणि तो तिथं का उभा आहे हे टॉल्कीननी कुठेच सांगितलेलं नाही.